‘गिरणीतून बारीक दळून आणावी’

चकलीची कुठलीही कृती काढून बघा, त्यात हे एक वाक्य असतंच: ‘भाजणी गार झाल्यावर गिरणीतून बारीक दळून आणावी.’ बास. पुढचं वाक्य थेट मोहनाचं, म्हणजे पिठात घालायच्या तेलाचं. लिहिणारीच्या घरी नोकर-चाकर असतील किंवा गिरणी तरी असेल. २०२५च्या दिवाळीत या एका वाक्यापायी माझं जे डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

भाऊबीजेला सगळे आमच्याकडे जमतात. दोन्ही नणंदा, त्यांची मुलं, चुलत दीर-जावा, तब्येत बरी असेल तर आतेसासूबाईसुद्धा. लाडू, शंकरपाळे, चिवडा आम्ही जावाजावा वाटून घेतो. चकली माझी. ती मी कोणाला देत नाही आणि कोणी मागतही नाही.

भाजणीचं प्रमाण आत्ताच सांगते, नाहीतर रागाच्या भरात राहून जाईल. एक किलो तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो मूग डाळ, त्याहून जरा कमी उडीद डाळ, वाटीभर जाडे पोहे, पाऊण वाटी धने, पाव वाटी जिरे. तांदूळ जुना घ्यायचा, कोलम किंवा साधा जाडा. इंद्रायणी नको, भाताला झकास पण फार चिकट. उडीद डाळीत हात आखडता घेऊ नका, तिच्यामुळेच पीठ धरून राहतं आणि चकली पाडताना तुटत नाही. तांदूळ-डाळी धुऊन, निथळून, सावलीत कापडावर कडकडीत वाळवायच्या आणि प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. यात घाई चालत नाही आणि मी करत नाही. सासूबाई भाजलेली डाळ दाताखाली धरून बघतात. त्या दिवाळीत त्यांनी बघितली आणि नुसतं ‘हं’ म्हणाल्या. आमच्या घरात हे प्रशस्तिपत्रक आहे.

तर भाजणी गार झाली, डब्यात भरली आणि ११ ऑक्टोबरला, शनिवारी सकाळी मी गिरणीत गेले. वसुबारस पुढच्या शुक्रवारी, १७ तारखेला. हाताशी आठवडा होता. चकल्या रविवारी करायच्या, असा माझा बेत.

गिरणीत दळायची दोन जाती. एक फक्त गव्हाचं. दुसऱ्यावर बाकी सगळं: ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी. एरवी रांग गव्हाच्या जात्याला असते आणि दुसऱ्यावर गिरणीवाले काका वाट बघत असतात. दिवाळीच्या तोंडावर बरोबर उलटं. कोणाचं लाडवाचं बेसन, कोणाची भाजणी, आणि भाकरी काही दिवाळी म्हणून बंद होत नाही, त्यामुळे ज्वारी-बाजरी आहेच. रांग माणसांची नसते, डब्यांची असते. डबा ठेवायचा, चिठ्ठी लावायची आणि भाजी आणायला जायचं. फक्त दिवाळीत डबे आपले आपण पुढे सरकतात, हे लक्षात ठेवा आणि तिथून हलू नका.

आता खरी गोम. जात्यात आधीच्या दळणाचं थोडं पीठ राहतंच आणि ते पुढच्याच्या डब्यात येतं. गव्हावर गहू असेल तर कोणाला काय फरक पडतो? पण भाजणी बाजरीवर दळली तर रंग गेला, चव गेली. गव्हावर दळली तर चकली वातड. भाजणी तांदळावर दळावी, नाहीतर हरभरा डाळीवर, नाहीतर दुसऱ्या भाजणीवर. आणि उलट बाजूने, भाजणीच्या मागे कोणालाच यायचं नसतं, कारण धने-जिऱ्याचा वास त्यांच्या बेसनाला लागतो. म्हणजे भाजणीवालीने कोणाच्या मागे जायचं हेही ठरलेलं आणि तिच्या मागे कोणी यायचं नाही हेही ठरलेलं.

काकांनी सकाळीच विचारलं, “ताई, गव्हावर घेऊ का? ते जातं मोकळं आहे, पाच मिनिटांत देतो.”

“नको काका. तांदूळ आला की त्याच्यावर घ्या.”

“तांदूळवालं कोणी आलंच नाही अजून.”

हरभरा डाळ होती, पण ती लाडवाच्या बेसनाची, म्हणजे रवाळ. रवाळ दळायचं तर वरच्या-खालच्या दगडांतलं अंतर वाढवतात, बारीकसाठी पुन्हा आवळतात. काका म्हणाले, सगळी रवाळ बेसनं एकदम उरकतो, मगच आवळतो. त्यांचंही बरोबर आहे. पण बेसनवाल्या येतच राहिल्या. एक गेली की दुसरी. मी बाकावर बसून पिठात पांढरी होत होते.

दुपारी एक गृहस्थ तांदूळ घेऊन आले. मी हात जोडायचेच बाकी होते. पण माझ्या आधी दोन भाजण्यांचे डबे होते आणि त्यांच्या मालकिणी नेमक्या त्याच वेळी उगवल्या. ठीक आहे, भाजणीवर भाजणी चालते. एवढ्यात एक बाई अनारशाचे तांदूळ घेऊन आल्या, म्हणाल्या, अगदी थोडे आहेत, तेवढे मध्ये टाका.

“वाळलेत ना नीट?” काकांनी विचारलं.

“हो हो, फॅनखाली होते की.”

अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, आणि कापडावर पसरून दमट असतानाच दळतात. दमट असणं हीच त्या पिठाची गंमत. कोरडे केले तर अनारसे कसले? म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याला आणि उत्तर देणारीला, दोघांनाही उत्तर माहीत होतं. जात्याने दोन मुठी गिळल्या, आवाज जड झाला, आणि पीठ यायचं थांबलं. दगडांना थापल्यासारखं चिकटलं. काकांनी मोटर बंद करून वरचा दगड उचलला आणि पोराला खरवडायला बसवलं. संध्याकाळपर्यंत खरवडणंच चाललं होतं. अनारशाचं पीठ घरी मिक्सरमध्ये करून चाळून घ्या हो. एका घरचे अनारसे आणि अख्ख्या गल्लीची दिवाळी!

जातं जोडलं, आणि मोटर सुरू होईना. वर बल्ब झकास जळतोय, समोरच्या दुकानातल्या माळा लुकलुकतायत.

“लाइट आहे की काका.”

“एक फेज गेलीय ताई. बल्बला एक पुरते, मोटरला तिन्ही लागतात.”

अशा वेळी भांडायचं कोणाशी? लाइट गेली असती तर निदान अंधारात बसल्याचं समाधान मिळालं असतं. काका म्हणाले, डबा ठेवून जा, रात्री आली तर दळून ठेवतो. मी ठेवला नाही. भाजलेलं धान्य दमट हवेत मऊ पडतं आणि गिरणीत सगळ्यांचे डबे सारखेच दिसतात. माझ्या चुलत जावेला एके वर्षी कोणाची तरी थालिपिठाची भाजणी मिळाली होती आणि तिच्या चकलीच्या भाजणीची थालिपीठं कोणी खाल्ली हे अजून कळलेलं नाही. डबा उचलून घरी आणला. घरी सगळ्यांनी मला बघितलं आणि शहाणपणाने कोणीच काही विचारलं नाही.

रविवारी सकाळी परत. काका खाली बसून छिन्नीने दगड टाचत होते.

“काल दगड काढलाच होता, म्हटलं टाकी लावून घेऊ.”

मी कपाळाला हात लावला. टाकी लावली की दगड पुन्हा खरबरीत होतो, दळण चांगलं होतं, हे सगळं मान्य. पण नव्या टाकीवरच्या पहिल्या दळणात दगडाची कच येते. खाताना दाताखाली कचकन लागलं की चकली गेलीच आणि भाऊबीजेला आलेल्या नणंदेसमोर लागलं तर काय काय जाईल ते सांगायला नको. नव्या टाकीवर पहिला नंबर कोणालाच नको असतो. कालपर्यंत पुढे सरकणारे डबे आज आपोआप मागे सरकत होते. शेवटी कोणीतरी गुरांच्या भरड्याचा मका आणला, तो गेला. त्यावर ज्वारी गेली. त्यानंतर पुन्हा बेसनाची रांग.

इथे माझा संयम संपला. मी उठले आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत सुटले. भाजणी, भाजणी, बेसन, भाजणी. त्या सगळ्या बायकांना गोळा केलं आणि म्हटलं, आपण वेगवेगळ्या उभ्या राहिलो तर बुधवारपर्यंत इथेच आहोत. सगळ्या भाजण्या एका पाठोपाठ घालू. पहिला माझा तांदूळ टाकू, जात्यातलं आधीचं सगळं त्यात निघून जाईल, आणि मग लागोपाठ भाजण्या. तांदूळ मी वेगळ्या पिशवीत घेऊनच गेले होते, अर्धा किलो. हे आईचं शिकवणं: भाजणीबरोबर चार मुठी कोरा तांदूळ न्यायचा, आधी तो दळायचा, त्याचं पीठ वेगळं ठेवायचं. ज्वारीचं बोट लागलेलं ते पीठ धिरड्यांना उत्तम चालतं. काकांना बेत लगेच पटला, कारण त्यांनाही सारखं आवळा-सैल करायचं वाचत होतं. हे आदल्या दिवशी त्यांनाच का सुचलं नाही, हा प्रश्न मी गिळला. दिवाळी अजून व्हायची होती, पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जायचं होतं.

भाजणी पडायला लागली की समोर उभं राहायचं. कापडी तोंडातून पहिलं पीठ आलं की चिमटीत घ्यायचं आणि अंगठा-बोटात चोळायचं. बोटाला रवा लागला तर तिथेच सांगायचं, “काका, जरा आवळा.” त्यांनी चाक अर्धा वेढा फिरवलं, आवाज बारीक झाला, पुढचं पीठ रेशमासारखं आलं. पीठ डब्यात पडल्यावर सांगून उपयोग नाही. काही गिरण्यांत परत घालून देतात, पण दुसऱ्यांदा दळलेलं पीठ तापतं. थालिपिठाची भाजणी असेल तर मात्र आवळू देऊ नका, ती सरसरीतच हवी.

घरी आल्यावर डब्याचं झाकण लगेच उघडायचं. गिरणीतून पीठ गरम येतं, झाकण तसंच ठेवलं तर आत घाम धरतो आणि गुठळ्या होतात. कागदावर पसरून पूर्ण गार करायचं.

पुढचं सगळं सुरळीत झालं, त्यामुळे थोडक्यात. दोन वाट्या भाजणीला एक वाटी पाणी, त्यात दोन मोठे चमचे तेल किंवा लोणी, तिखट, मीठ, हळद, तीळ, ओवा. पाण्याला उकळी आली की गॅस बंद, पीठ घालून ढवळायचं, झाकून अर्धा तास ठेवायचं. मग कोमट पाण्याचा हात लावून सणसणीत मळायचं. चकली मऊ पडली तर आच मोठी होती. तेलात विरायला लागली तर मोहन जास्त झालंय, थोडी कोरडी भाजणी मिसळा. बुडबुडे कमी होईपर्यंत कढईतून काढू नका. त्या दिवाळीत काटा सुरेख आला, मोडल्यावर आत नळी दिसत होती. भाऊबीजेला धाकट्या नणंदेने डबा भरून नेला आणि रात्री फोन करून विचारलं, “वहिनी, भाजणी कुठून आणता हो विकत?”

विकतची मिळते, मला माहीत आहे. त्यात तांदूळ किती आणि कसा भाजलाय हे पाकिटावरून कळत नाही, म्हणून मी घेत नाही. घरघंटीचं विचाराल तर शेजारी आहे आणि त्या आनंदाने देतातही. बारीक जाळी लावून थोडं थोडं दळलं तर पीठ बरं होतं. पण दोन किलोला वेळ लागतो आणि तेवढा वेळ दुसऱ्याच्या घरात घर्र आवाज करत बसायला मला संकोच वाटतो. मिक्सरचा विचारही करू नका. चाळून चाळून हात गळतात आणि तरी सोऱ्याच्या चकतीत कण अडकतोच.

अजून एक. गिरणीवाल्यांना दसऱ्यालाच विचारून ठेवा, टाकी कधी लावणार. आमच्या काकांनी सांगितलं, “नवरात्रात लावतो एरवी, यंदा राहिली.” भाजणी नीट भाजलेली असेल तर कोरड्या डब्यात महिना-दोन महिने सहज टिकते. मग वसुबारसेच्या आठवड्यात गिरणीत जायचंच कशाला? यंदा मी दसरा झाला की दळून आणणार आहे. त्या भाजणीवाल्यांपैकी दोघींचे नंबर घेऊन ठेवलेत, त्याही येतायत. आमच्या गिरणीत दोन किलोच्या खाली दळण घेत नाहीत, आणि त्यांच्यातल्या एकीच्या घरी माणसं दोनच, तिची भाजणी किलोभरच होते. तिला म्हटलं, प्रमाण माझं घे आणि माझ्याच डब्यात घाल. ती म्हणाली, “आमच्यात पोहे घालत नाहीत.” त्यावर अजून चर्चा चालू आहे.