बाम्बर्ग: धुराच्या बिअरच्या गावात चार दिवस

घरी केलेल्या माझ्या अकराव्या बॅचला बँडेजचा वास आला. थोडाथोडका नाही, दवाखान्यात शिरल्यावर येतो तसा. वीस लिटर बिअर, सात आठवड्यांची वाट, आणि पहिल्या घोटाला नवरा म्हणाला, "अगं, यात कापूस कुठंय?"

ती राउखबीअर होती, म्हणजे धूर दिलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या जवाची) बिअर. खरी पंचाईत अशी की हा वास चुकून आलाय की या बिअरची चवच अशी असते, हे मला सांगता येईना. मी आयुष्यात राउखबीअर प्यायलेच नव्हते. कृती वाचली, माल्ट मागवला आणि थेट बनवायला घेतली. पुरणपोळी कधी न खाता पुरण शिजवायला बसण्यातला प्रकार. शेवटी ठरवलं की जिथे ही बिअर अजून रोज बनते तिथे जाऊन एकदा मूळ चव घेऊन यायची. गाव बाम्बर्ग, जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याच्या फ्रँकोनिया भागात. सप्टेंबरात चार दिवस काढले. नवरा बिअरप्रेमी नाही, पण जुनी गावं आणि पूल बघायला एका पायावर तयार असतो, त्यामुळे आला.

न्युर्नबेर्गपर्यंत विमान किंवा मोठी रेल्वे, तिथून रीजनल गाडीने पाऊण तासाच्या आसपास. दोघं किंवा जास्त असाल तर बायर्न तिकीट घ्या. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर बव्हेरियातल्या साध्या गाड्यांनी फिरता येतं. फक्त सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं, हे आम्हाला पावणेनऊला फलाटावर कळलं. वेगवान आयसीई गाड्यांना ते चालत नाही.

राहायला आम्ही स्टेशन आणि जुन्या गावाच्या मधल्या ओबेरे क्योनिगश्ट्रासेवर उतरलो, आणि हा निर्णय सगळ्यात शहाणपणाचा ठरला. या रस्त्यावर दोन ब्रूअरी, म्हणजे बिअर बनवणारी घरं, अक्षरशः समोरासमोर आहेत: श्पेट्सियाल, 1536 पासूनची, आणि फेस्ला, 1649 पासूनची. दोन्हीकडे वर राहायच्या खोल्या आहेत. शेवटच्या ग्लासानंतर फक्त जिना चढायचा असेल तर बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. खोल्या थोड्या असतात, तेव्हा आधी आरक्षण करा.

आता मुद्द्याचं. बाम्बर्गला जाणारा प्रत्येक जण सामान टाकून आधी श्लेंकेर्ला या खानावळीत धावतो. मीही तेच केलं. तुम्ही करू नका, आधी श्पेट्सियालला जा.

श्लेंकेर्ला कॅथेड्रलच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. लाकडी चौकटींचं जुनं घर, आत काळपट तुळया. या खानावळीचा कागदोपत्री उल्लेख 1405 चा आहे. इथली मुख्य बिअर मेर्त्सेन: 5.1 टक्के, रंगाने जवळजवळ काळी, उजेडासमोर धरली तर लालसर. लाकडी पिंपाला तोटी ठोकलेली असते आणि बिअर आपल्या वजनाने ग्लासात उतरते, गॅसचा दाब वगैरे काही नाही. त्यामुळे बुडबुडे कमी, फेस मऊ. मी नाक जवळ नेलं आणि तिथेच थांबले. नवऱ्याने माझ्याच ग्लासातला एक घोट घेतला. "बंबातलं पाणी," तो म्हणाला. त्याची उपमा चुकीची नव्हती. लहानपणी आजोळी लाकडं घालून तापवलेल्या बंबाच्या पाण्याने अंघोळ केली की केसांना जो वास राहायचा, तो. त्यात थोडं खारवलेलं, भाजलेलं मांस. पहिला अर्धा ग्लास मी कर्तव्य म्हणून प्याले.

गंमत पुढे आहे. गावातले लोक सांगतात की तिसऱ्या ग्लासापर्यंत मत देऊ नका. मला वाटलं, हा धंद्याचा भाग असणार. पण नाकाला धुराची सवय होते, आणि सवय झाली की धूर मागे सरकून त्याखालचा माल्ट वर येतो. पावाच्या करपलेल्या कडेचा गोडवा, शेवटी कोरडेपणा. दुसऱ्या ग्लासाच्या मध्यावर माझ्यासाठी तो क्षण आला. आणि तेव्हाच हेही नक्की कळलं की माझ्या घरच्या बिअरमध्ये जे होतं ते हे नव्हे. इथे शेकोटी होती, बँडेज कुठेच नव्हतं.

तर घरी बनवणाऱ्यांसाठी माझं निदान लिहून ठेवते. लाकडाच्या धुरात फिनॉल वर्गातली संयुगं असतात, राउखबीअरचा वास त्यांचाच. पाण्यात क्लोरीन असेल किंवा ब्लीचने धुतलेलं भांडं नीट खंगाळलं नसेल, तर फिनॉलशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफिनॉल तयार होतात. ते इतके तीव्र असतात की नावाला असले तरी नाकाला कळतात, आणि वास हुबेहूब दवाखान्याचा. मी नळाचं पाणी जसंच्या तसं वापरलं होतं. उपाय स्वस्त आहे: मेटाबायसल्फाइटची, म्हणजे कॅम्पडेनची, एक गोळी सुमारे 75 लिटर पाण्यातलं क्लोरीन घालवते. वीस लिटरला पाव गोळीपेक्षा थोडी जास्त. हे वाक्य मी चार वर्षांपूर्वी वाचलं होतं आणि "आपल्या पाण्याला काय झालंय" म्हणून सोडून दिलं होतं.

श्लेंकेर्लात आणखी एक ग्लास आवर्जून मागा, तिथल्या हेलेसचा. ही फिकट बिअर. हिच्यात धुराचा माल्ट घालतच नाहीत, तरी तिला हलका धुराचा वास असतो, कारण ती त्याच भांड्यांत शिजते आणि त्याच यीस्टवर आंबते. मी चाट पडले. घरी प्लॅस्टिकच्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या पिंपात, राउखबीअर करून मग त्यातच नाजूक गव्हाची बिअर करायचा माझा बेत होता, तो तिथल्या टेबलावरच रद्द केला.

आधी श्पेट्सियालला जा असं का म्हणते, ते आता सांगते. तिथली लागर (थंडाव्यात आंबवून मुरवलेली बिअर) सौम्य आहे, रंगाने तांबूस, धूर आहे पण हळू बोलणारा. श्पेट्सियाल आणि श्लेंकेर्ला दोघंही अजून आपला माल्ट स्वतः बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर वाळवतात (बीच म्हणजे समुद्रकिनारा नव्हे, नवऱ्याने पूर्ण एक दिवस हा विनोद केला). पूर्वी बहुतेक ठिकाणी मोड आलेले जव विस्तवावर वाळवत, त्यामुळे बहुतेक बिअरला थोडाफार धूर असायचाच. धूर आत न येऊ देणाऱ्या भट्ट्या आल्यावर बाकी जगाने त्या घेतल्या, या दोन घरांनी जुनं सोडलं नाही. श्पेट्सियालची चव जिभेला लावून मग श्लेंकेर्लाला गेलात तर पहिल्या घोटाला माझ्यासारखं थबकायला होणार नाही. आणि श्लेंकेर्लानंतर त्या संध्याकाळी दुसरीकडे जाऊ नका. जीभ धुरावलेली असते, पुढची कुठलीही बिअर पाणीदार लागते. मी तिथून उठून फेस्लात गेले आणि त्यांच्या चांगल्या पिल्सवर, म्हणजे फिकट, कडवट लागरवर, अन्याय करून आले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत जाऊन प्रायश्चित्त घेतलं. फेस्लाची बाम्बेर्गाटोर ही 8.5 टक्क्यांची डॉपेलबॉक, म्हणजे कडक लागर आहे, ती शेवटी आणि बसूनच घ्या.

मागायचं कसं? अर्ध्या लिटरला इथे "झायडला" म्हणतात. शेवटी थोडीच हवी असेल तर "श्निट" मागा, म्हणजे ग्लास अर्धवट, वर भरपूर फेस, आणि पैसे कमी. वुंडरबुर्ग भागात मार्स ब्रॉयमध्ये गेलात तर नुसतं "आ ऊ" म्हणायचं. ऊ म्हणजे उनगेश्पुंडेट: पिंपाचं बूच न ठोकता मुरवलेली, त्यामुळे वायू कमी असलेली गढूळसर बिअर. दोन अक्षरांत ऑर्डर होते याचं मला इतकं कौतुक वाटलं की मी ती तीनदा दिली. समोरच केस्मान आहे, त्यांची हेरेन पिल्स स्वच्छ, कडवट, धुराचा मागमूस नाही. गावात सगळ्यांनाच धूर आवडतो असं समजू नका. आमच्या टेबलावरच्या आजोबांनी हातानेच नको नको केलं आणि आपली पिल्स पुढे ओढली.

टेबलावरून आठवलं. इथे अनोळखी माणसांच्या टेबलावर बसणं अगदी साधं आहे, फक्त "इस्ट हिअर नोख फ्राय?" म्हणजे "जागा रिकामी आहे का?" असं विचारून बसा. ज्या टेबलावर "श्टामटिश" अशी पाटी दिसेल तिथे मात्र नाही, ते रोजच्या मंडळींचं असतं. रोख पैसे जवळ ठेवाच, कार्डाच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक ब्रूअरीचा आठवड्याचा सुट्टीचा वार वेगळा असतो, त्याला "रूहेटाग" म्हणतात, आणि काही जागा दुपारी मध्येच बंद होतात. चारच दिवस असतील तर आधी वार जुळवा, मग गाडीचं तिकीट काढा. शाकाहारी मंडळींचे जरा हाल आहेत: प्रसिद्ध बाम्बर्गचा कांदासुद्धा खिम्याने भरलेला असतो. चीज, ब्रेड आणि बटाट्यावर निभावतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी श्पेट्सियालच्या केलरवर गेलो. केलर म्हणजे तळघर, पण इथले लोक तळघरा"त" जात नाहीत, तळघरा"वर" जातात. बिअर थंड राहावी म्हणून टेकडीच्या पोटात भुयारं खोदली, वर सावलीसाठी झाडं लावली आणि लोक त्या झाडांखाली बसू लागले. जुन्या गावातून चढ चढत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. वर पोचल्यावर समोर कॅथेड्रलचे चार मनोरे आणि खाली लाल कौलं. नवरा एवढ्यासाठीच चढला होता. आपला ग्लास आपणच खिडकीवरून आणायचा. पाऊस असेल तर केलर बंद असू शकतं.

वायरमानचा माल्टचा कारखाना स्टेशनजवळच आहे, 1879 पासूनचा, लाल-पिवळ्या विटांचा. घरी बिअर बनवणाऱ्याला तो बघून भक्तिभाव दाटून येतो, कारण कारफा, काराम्युनिश ही माल्टच्या पोत्यांवरची नावं इथलीच. आत फेरफटका घडवतात, पण आधी नोंदणी लागते. मी केली नव्हती, कुंपणाबाहेरून भाजलेल्या माल्टचा वास घेऊन परतले. त्यांचा बीचच्या धुराचा माल्ट घरी बिअर बनवायचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतो, तो इथून उचलून न्यायची गरज नाही. मिशेल्सबेर्गच्या मठातलं ब्रूअरी संग्रहालय उन्हाळी महिन्यांतच उघडं असतं. जाताजाता एक: बव्हेरियाचा 1516 चा बिअर-शुद्धतेचा कायदा सगळ्यांना ठाऊक असतो, बाम्बर्गच्या बिशपने तसा हुकूम 1489 मध्येच काढला होता. गावकरी हे सांगायची संधी सोडत नाहीत.

चौथा दिवस आउफझेसला. हजार-दीड हजार वस्तीचं गाव आणि चार ब्रूअऱ्या, त्याबद्दल गिनेस बुकात नोंद. चारही जोडणारी सुमारे 14 किलोमीटरची पायवाट आहे, शेतांतून आणि जंगलातून जाणारी. प्रत्येक ठिकाणी शिक्का घ्यायचा. आम्ही तीनच केल्या. काटी-ब्रॉयची काळसर लागर मोटरसायकलवाल्यांच्या गर्दीत उभ्याने प्यायले, चव उत्तम. मग घोळ झाला. परतीच्या बसच्या वेळापत्रकात मी कामाच्या दिवसाचा रकाना वाचला होता आणि दिवस होता रविवार. दीड तास थांब्यावर बसलो, मग टॅक्सीला चार दिवसांच्या बिअरइतके पैसे गेले. शनिवार-रविवारी जाणार असाल तर परतीची बस आधी पक्की करा, नंतर पहिला ग्लास. भरभर चालायचा बेत असेल तर प्रत्येक ठिकाणी श्निटच घ्या. चार पूर्ण झायडला म्हणजे दोन लिटर, शेवटचे चार किलोमीटर लांबतात.

एक हुकलं: श्लेंकेर्लाची उरबॉक ही कडक बिअर ऑक्टोबरात येते, आणि ओकच्या धुराची 8 टक्क्यांची आइखे नाताळच्या सुमारास. पण तेव्हा थंडीमुळे केलरवर बसणं कठीण. एका खेपेत दोन्ही जमणार नाही.

बाटल्या चेक-इनच्या बॅगेत, प्रत्येक बाटली एका मोज्यात आणि मोजा स्वेटरमध्ये. सहापैकी सहा शाबूत पोचल्या.

बारावी बॅच आता फ्रीजमध्ये आहे. धुराचा माल्ट साठ टक्के, बाकी म्युनिक नावाचा माल्ट, पाण्यात कॅम्पडेन, फर्मेंटर नवा आणि त्यावर मार्करने "फक्त धूर" असं लिहिलेलं. दहा अंशांवर आंबवली, आता दोन अंशांवर मुरतेय. सहा आठवडे हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. काल तिसऱ्याच आठवड्यात अर्धा कप काढून नवऱ्यापुढे धरला. त्याने वास घेतला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "बंब पेटवलास?"