सत्तेचाळीस आणि काळे बूट

आज कोल्हापुरात पापाच्या तिकटीला, चपलांच्या बाजारात गेले होते. माझ्या काळ्या बुटांची शिवण उसवली होती. हे बूट अकरा वर्षं वापरतेय, चौदा भोकांचे, पार नडगीपर्यंत येणारे. बूट शिवणाऱ्या मामांनी ते उलटून-पालटून बघितले, अंगठ्यानं चामडं दाबलं आणि म्हणाले, "अजून लई चांगलं हाय ताई, टाकू नका." मग दाभण काढून, दोऱ्याला मेण लावून एकेक टाका घातला. अर्धा तास मी तिथंच स्टुलावर बसून होते.

शेजारी चपला बघणाऱ्या एक बाई माझ्या जॅकेटवरच्या सेफ्टी पिनांकडं बघून हळूच म्हणाल्या, "ह्या वयात?"

लागलं. अजूनही लागतं, खोटं कशाला बोलू? पंक, म्हणजे बंडखोर रॉक संगीतासोबत आलेली ही पिना-काळ्या कपड्यांची फॅशन, पोरासोरांची असं लोकांना वाटतं. पण ज्यांनी सत्तरच्या दशकात लंडनमध्ये हे कपडे घडवले, त्या व्हिव्हियन वेस्टवुड 2022 मध्ये 81व्या वर्षी गेल्या, आणि शेवटपर्यंत स्वतःच्याच ढंगात राहिल्या.

माझं शरीर बदललंय. जॅकेट टेलरकडून दीड इंच सोडवून घेतलं. काजळ आता सुरकुत्यांत पसरतं, म्हणून रेघ बारीक ओढते. पण रंग काळाच.

त्या बाईंची मुलगी, असेल नववी-दहावीतली, जाता जाता थांबली. "मावशी, ह्या पिना तुम्ही स्वतः लावल्या?"

एक काढून तिच्या हातात दिली.