आमची वाटचाल : चिपळूणच्या गाळ्यातले पाय

२००९ साली चिपळूणच्या बाजारपेठेत मागच्या अंगाला एक गाळा भाड्याने घेतला. त्याआधी मुंबईत याच कामाची, म्हणजे कृत्रिम पाय बनवायची, नोकरी होती. तिथे कोकणातले पेशंट रात्रीच्या एसटीने यायचे. माप द्यायला एकदा, ट्रायलला एकदा, पाय न्यायला एकदा, आणि सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोबण, चावलं की पुन्हा. म्हटलं, त्यांनी यायचं त्यापेक्षा आपणच तिकडे जाऊ. एक ओव्हन, व्हॅक्युम पंप, घासायचं मशीन आणि प्लास्टरच्या गोणी एवढंच भांडवल. पहिले दोन महिने लोक कुबड्या आणि कमरेचे पट्टेच मागत होते. भाडं त्या पट्ट्यांवरच निघालं, खोटं कशाला बोलू!

पहिलं मोठं काम गुहागरकडच्या एका निवृत्त मास्तरांचं. शुगरने पाय गुडघ्याखाली गेलेला. मुंबईचा मुलगा म्हणाला, "पैशाचं बघू नका, सगळ्यात भारी लावा." मलाही मोह झाला. कार्बन फायबरचं फूट, म्हणजे खालचं पाऊल, लावलं, लाखाच्या वरचं. वजन टाकलं की ते स्प्रिंगसारखं दबतं आणि पाऊल उचलताना पुढे ढकलतं. गाळ्यात मास्तर बूट घालून झकास चालले.

महिन्याने त्यांच्या घरी गेलो, तर पाय माजघराच्या कोपऱ्यात आणि मास्तर कुबड्यांवर. चूक माझीच. पायाचा कल मी बुटाच्या टाचेप्रमाणे बसवला होता, आणि कोकणात घरात बूट कोण घालतं? अनवाणी उभं राहिलं की गुडघा मागे ढकलला जायचा आणि तोल जायचा. त्यात अंगणात जांभ्याच्या उंचसखल पायऱ्या. मी त्यांना माझ्या खर्चाने जयपूर फूटचा पाय करून दिला. तेव्हापासून माप घेण्याआधी माझा पहिला प्रश्न ठरलेला : घरात पायात काय घालता?

कारागीर रामचंद्र शर्मा आणि हाडांचे सर्जन डॉ. सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरला घडवलेलं हे फूट आपल्यासारख्या अनवाणी माणसांसाठीच आहे. वरून रबर, बोटांसकट, चपलेवाचून चालणारं. घोटा चहूबाजूंनी वळतो, त्यामुळे उकिडवं बसता येतं, लावणीच्या चिखलात उतरता येतं. पण ते जड आहे, ढकलत नाही, आणि वापरून वापरून रबराला भेगा पडतात. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून असे पाय फुकट देते. ज्याची ऐपत नाही त्याला मी आधी तिकडेच पाठवतो. धंदेवाल्याने हे सांगावं का, असं बायको अजून विचारते.

हर्णैच्या एका मच्छीमार काकांनी मला उरलेलं शिकवलं. त्यांना मी मॉड्युलर पाय दिला होता : आत धातूची नळी, जोडाला स्क्रू, कल हवा तसा फिरवता येणारा. एका हंगामात स्क्रू गंजून जाम झाले, जोडात वाळू. "डॉक्टर, हा तुमचा पाय ऑफिसात बसणाऱ्याचा," काका म्हणाले. (मी डॉक्टर नाही, पण ऐकतं कोण!) मग त्यांना एचडीपीई, म्हणजे टणक प्लास्टिकच्या, पाइपचा, खाली जयपूर फूट लावलेला पाय केला. होडीवर तो, लग्नाकार्याला मॉड्युलर.

पैशांचं विचाराल तर आमच्याकडे गुडघ्याखालचा साधा पाय वीस-पंचवीस हजारांत होतो, मॉड्युलर त्याच्या दुपटीला जातो. सिलिकॉन लाइनर, म्हणजे स्टंपवर (उरलेल्या पायावर) चढवायचं मऊ आवरण, घेतला तर आणखी पंचवीस-तीस हजार. लाइनरने घर्षण कमी होतं, पण आमच्या दमट हवेत आत घाम साचतो आणि पुरळ उठतं. स्टंपवर घालायच्या सुती मोज्यांचं उलट : ते घाम शोषतात, पण पावसाळ्यात वाळत नाहीत. आमचे पेशंट चुलीवरच्या दांडीवर टाकतात. आणि पहिल्या वर्षी स्टंप आक्रसतो, सॉकेट ढिलं होतं, मोज्यावर मोजे चढतात. म्हणून पहिल्या पायावर भारी खर्च करू नका, असं मी बजावतो. नवं सॉकेट लागणारच असतं. खाली कितीही महाग फूट लावा, सॉकेट चावलं की पाय कोपऱ्यातच जातो.

गुडघ्यावरून पाय गेला असेल तर मात्र स्वस्तात भागवा असं मी सहसा म्हणत नाही. मायक्रोप्रोसेसर गुडघा, म्हणजे आतल्या कॉम्प्युटर चिपवर चालणारा, दहा लाखांच्या पुढे जातो, रोज चार्ज करावा लागतो, पण उतारावर माणसाला सावरून धरतो. असे दोनच बसवले. त्यातले एक बँकेतले साहेब वीज गेली की गाडीत चार्ज करतात.

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी नदी गाळ्यात शिरली. ओव्हन, पंप गेले. प्लास्टरच्या गोणी भिजून गोणीच्याच आकाराचे धोंडे झाले. पेशंटांचे साचे चिखलात विरघळले, नावं पुसली. पॉलिप्रॉपिलीनचे (हेही प्लास्टिकच) आणि पाइपचे तयार पाय मात्र तरंगत निघून गेले. चौथ्या दिवशी पलीकडच्या आळीतला एक पोरगा एक पाय काखेत मारून आला, "काका, हा आमच्या ग्रिलमध्ये अडकलेला."

तो हर्णैच्या काकांचा, फूट बदलायला ठेवलेला. न्यायला आले तेव्हा त्यांनी तो नळाखाली धरला, गाळ काढला, हुंगून बघितला. "मासळीचा वास गेला की ओ!" म्हणाले, आणि तिथेच पायात चढवून एसटी स्टँडकडे निघाले.