लाखात एक

आज सकाळी लॅबमध्ये शिरले तर भट्टीतलं तापमान मोजणारं थर्मोकपल जागचं सरकलेलं. कंट्रोलरला वाटत होतं २५० अंशच आहेत, म्हणून तो बिचारा रात्रभर तापवत राहिला. आत ३६० च्या वर! तीन आठवडे खपून केलेलं तांबं-झिंक ऑक्साइडचं कॅटॅलिस्ट (रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ) गेलं.

मिथेनॉल आणि वाफ या कॅटॅलिस्टवरून सोडली की हायड्रोजन मिळतो. पण ३०० च्या पुढे तांब्याचे बारीक कण एकमेकांना चिकटतात. जास्त भिजलेल्या साबुदाण्याचा गोळा होतो ना, अगदी तसं. मग क्रिया जिथे घडते तो पृष्ठभाग उरतच नाही.

तापमान वाढलं की हायड्रोजनबरोबर निघणारा कार्बन मोनॉक्साइडही वाढतो, आणि खरी डोकेदुखी तीच. 'लाखात एक' म्हणजे आपल्याकडे कौतुक. हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या, ८० अंशांवर चालणाऱ्या फ्युएल सेलमध्ये मात्र लाखात एक एवढा मोनॉक्साइडसुद्धा जड जातो. तो सेलमधल्या प्लॅटिनमवर ठाण मांडतो, हायड्रोजनला जागाच देत नाही. (रेल्वेच्या जनरल डब्यात असे रेणू पुष्कळ भेटतात.)

संध्याकाळी आईला फोनवर रडगाणं ऐकवलं.

"तांबं काळं पडलं का गं? चिंच लावून बघ."

हसू आवरेना. उद्या नव्या कॅटॅलिस्टसाठी पुन्हा कॉपर नायट्रेट तोलायला घेतेय.