आमची वाटचाल: आधी कान, मग कात्री

आमच्या व्हिडिओ संकलन (एडिटिंग) केंद्राची सुरुवात टेपवर झाली. टेप चालवणारे दोन डेक, दोन मॉनिटर आणि मधे दोन्ही डेक हाताळणारा कंट्रोलर. एका टेपवरचे शॉट दुसरीवर क्रमाने उतरवायचे. मधलाच एखादा शॉट दोन सेकंदांनी लांबवायचा झाला, तर पुढचं सगळं पुन्हा उतरवा, नाहीतर कॉपीची कॉपी काढा. आणि अ‍ॅनालॉग टेपच्या दर कॉपीला चित्र फिकं पडत जाई. म्हणून कट आधी कागदावर व्हायचा: टेपचा नंबर, टाइमकोड (टेपवरची नेमकी वेळ), वाक्य कुठे संपतं, कॅमेरा कुठे हलला. संगणक आल्यावर शॉट हवा तिथे सरकवता येऊ लागला, तरी तो कागद आम्ही सोडला नाही. शिकायला येणारा आजही पहिल्या दिवशी कट करत नाही. सगळं फुटेज न थांबवता बघतो आणि नोंदी करतो.

पूर्वी आम्ही सॉफ्टवेअरचे मेनू आधी शिकवायचो. तो क्रम चुकीचा होता. आता प्रीमियर असो वा दाविंची रिझॉल्व्ह, सुरुवातीला मोजक्या गोष्टी: जे-के-एल या कळांनी फुटेज मागे-पुढे चालवणं, आय आणि ओ ने शॉटची सुरुवात-शेवट ठरवणं, आणि रिपल व रोल यांतला फरक. रिपलने शॉट कापला की त्याच्या पुढचं सगळं सरकतं, एकूण लांबी बदलते. रोलने फक्त दोन शॉटमधला सांधा सरकतो, लांबी तीच राहते. चित्राच्या ट्रॅकवर रिपल केलं आणि आवाजाचा ट्रॅक सोबत सरकला नाही, की तिथून पुढे ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे.

मोबाइलचं फुटेज येऊ लागल्यावर दुसरीच अडचण आली. सुरुवातीला आवाज बरोबर जुळतो, दहा मिनिटांनी सुटतो. बरेच फोन फ्रेमचा वेग, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपायची ते, स्थिर ठेवत नाहीत, उजेड कमी झाला की तो घसरतो. टाइमलाइन, म्हणजे सॉफ्टवेअरमधली शॉट मांडायची पट्टी, मात्र ठरलेल्या वेगाने चालते. त्यामुळे असं फुटेज आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर वेगाचं करून घ्यायचं, मगच प्रोजेक्टमध्ये आणायचं. कट सुरू झाल्यावर हे लक्षात आलं तर जुळवाजुळव जवळजवळ नव्याने करावी लागते.

आमचा सगळ्यात जास्त वेळ आवाजावर जातो, आणि तो तसाच जायला हवा. दोन माणसांचं बोलणं जोडताना नवशिका चित्र आणि आवाज एकाच जागी कापतो. मग जो बोलेल त्याचं तोंड, असा पिंगपाँगचा खेळ होतो. उत्तराचा आवाज दहा-बारा फ्रेम आधी ऐकू येऊ द्या, चित्र नंतर बदला: हा जे-कट. उलट, पहिल्याचं वाक्य चालू असतानाच ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवा: हा एल-कट. प्रसंग बहुतेक वेळा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरच घडत असतो. बोलण्याच्या मधल्या फटी मात्र रिकाम्या ठेवू नका. पूर्ण शांतता कानाला लगेच बोचते. चित्रीकरणाच्या जागी सगळ्यांना गप्प करून तीस सेकंद नुसता खोलीचा आवाज घेतलेला असेल, तर तो तिथे भरता येतो. आवाजाच्या सांध्यावर टक्क ऐकू आलं तर दोन फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरत असताना दुसरा वाढवणं) पुरतो.

हालचालीवरचा कट शिकवायला आम्ही खुर्चीत बसणारा माणूस घेतो. तो उभा असताना कापलं तर कट दिसतो, बसून झाल्यावर कापलं तरी दिसतो. गुडघे वाकून शरीर खाली येत असताना कापलं तर डोळा हालचालीमागे जातो, सांधा लपतो. कधी दुसऱ्या शॉटमध्ये तीच हालचाल दोन-तीन फ्रेम पुन्हा दाखवावी लागते, कारण नवी चौकट ओळखायला डोळ्याला क्षणभर लागतो. नेमक्या किती फ्रेम, हे दर वेळी वेगळं ठरतं. एक-एक फ्रेम वाढवायची, प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद मागून चालवून बघायचं, आणि शेवटी एकदा आवाज बंद करून.