नकाशातलं खोरं

मे महिन्यात मुळशी धरणाच्या काठावरची एक हद्द कायम मोजणी माझ्याकडे आली. अर्जदार पुण्याचे, बंगल्याच्या कुंपणाआधी त्यांना खुणा करून हव्या होत्या. या काठावर हल्ली असलीच कामं जास्त.

सोबतचा गावनकाशा जुना, साखळीने मोजल्या काळातला. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणत. त्यात धरण नव्हतंच. नदीची बारीक दुहेरी रेघ आणि तिच्याकडे उतरत गेलेले भातखाचरांचे नंबर. रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा दाखवणारं यंत्र, घेऊन मी खालचा कोपरा शोधत गेलो, तर तो पाण्याच्या पार आत निघाला. पाणी बरंच ओसरलं होतं. चिखलातून घराचं एक जोतं वर आलं होतं.

लगतधारक, म्हणजे शेजारचे जमीनधारक, म्हणून आलेले बाबा ऐंशीच्या घरातले. म्हणाले, "साहेब, ते आमचं घर. बापानं असंच उन्हाळ्यात आणून दाखवलं होतं."

मग काम राहिलं बाजूला. मुळशीचा सत्याग्रह मला शाळेतल्या चार ओळींपुरता माहीत होता. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. सेनापती बापट आणि 'जान किंवा जमीन' म्हणत धरणाच्या कामावर जाऊन बसलेले मावळे. बाबांचे आजोबा त्यात होते. जमीन मात्र त्यांच्या नावावर नव्हती, ते कूळ. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या खात्यावर होत्या. सावकारांनी धरण बांधणाऱ्या टाटा कंपनीशी मोबदल्याची बोलणी केली आणि लढ्यात तिथेच फूट पडली. पुढे बापटांना ७ वर्षांची शिक्षा झाली, १९२७ च्या सुमारास धरण उभं राहिलं. पुण्याकडे वाहणाऱ्या मुळेचं पाणी तेव्हापासून घाट उतरून भिऱ्याला वीज करतं आणि कुंडलिकेतून पश्चिमेच्या समुद्राला मिळतं.

"आज्याचं नाव असंल का ह्यात?" बाबांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं.

नकाशात नावं नसतात, नुसते नंबर. आणि कसणाऱ्याचं नाव त्या वेळच्या खात्यावर तरी कुठून असणार? माझं सगळं आयुष्य हद्दी दाखवण्यात गेलं, पण हे सांगताना मला शब्द जड झाले.

तेव्हा मी उलट विचारलं, "बाबा, खाचरांना नावं होती का?"

होती. देवाचं खाचर, आंब्याखालचं, लवणातलं. काठीनं पाण्यात रोख दाखवत ते सांगत गेले आणि मी फील्डबुकाच्या मागच्या पानावर नंबरासमोर एकेक नाव लिहीत गेलो. चौथ्यापाशी ते अडले. डोळे मिटून उभे राहिले, आठवेना. मग त्यांनी मुंबईला धाकट्या भावाला फोन लावला. त्याची हयात डबे पोचवण्यात गेलेली.

फोन बराच वेळ चालला. शेवटी बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "चिंचखाचर. लिवा."