पाठमोरा गडी

बेसबॉलच्या संघात उरलेला माणूस सेकंड बेसवर (धावेच्या वाटेवरच्या चार टप्प्यांपैकी दुसऱ्यावर) उभा करतात, अशी एक जुनी समजूत आहे आणि ती अगदीच खोटी नाही. पोरवयात सगळ्यात चपळ आणि दमदार हाताचा मुलगा शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर, जातो, उंचापुरा पहिल्या बेसवर. शॉर्टस्टॉपवरून ज्याचा थ्रो तोकडा पडतो, त्याला हळूच पलीकडे सरकवतात, कारण तिथून पहिला बेस जवळ. मोठमोठे सेकंड बेसमन असेच कुठून कुठून सरकत आलेले आहेत. जॅकी रॉबिन्सन मुळात शॉर्टस्टॉप, लू व्हिटेकर तिसऱ्या बेसवरचा, क्रेग बिजिओ तर चक्क कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा. स्कोअरबुकात या जागेचा आकडा 4. क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या डोळ्यांना तो चटकन दिसतही नाही. नजर पिचर (चेंडू टाकणारा) आणि बॅटरवर खिळलेली, आणि हा आपला उजव्या बाजूला मातीत, गुडघ्यांवर हात टेकून उभा.

त्याचं खरं काम कळायला डबल प्ले, म्हणजे एकाच फटक्यावर दोघे बाद, बघावा लागतो. पहिल्या बेसवर रनर आहे आणि बॅटरने शॉर्टस्टॉपकडे सरपटी फटका मारला. आता त्या रनरला पहिला बेस सोडून दुसऱ्याकडे पळणं भागच आहे, त्यामुळे त्याला टॅग करायची, म्हणजे चेंडू अंगाला लावायची, गरज नाही. चेंडू हातात आणि पाय बेसवर, एवढ्यावर तो बाद. मग तोच चेंडू पहिल्या बेसवर बॅटरच्या आधी पोहोचला तर दुसराही बाद. बेसमधलं अंतर 90 फूट. उजव्या हाताने खेळणारा सर्वसाधारण बॅटर होमपासून (फटका मारतो त्या जागेपासून) पहिल्या बेसपर्यंत साधारण 4.3 सेकंदांत पोहोचतो. डावखुरा किंचित आधी, कारण तो उभाच एक-दोन पावलं जवळ असतो. तेवढ्या वेळात चेंडू जमिनीवरून उचलायचा, दुसऱ्या बेसवर द्यायचा, तिथून वळवायचा आणि पहिल्यावर पोहोचवायचा. यातला वळवण्याचा भाग सेकंड बेसमनचा.

आणि वळवायचा तो पाठीमागे काय चाललंय हे न बघता. बेसवर येताना त्याचं तोंड शॉर्टस्टॉपकडे. रनर येतो डाव्या खांद्याच्या मागून, आणि चेंडू फेकायचा तोही त्याच दिशेला. शॉर्टस्टॉप जेव्हा हेच काम करतो तेव्हा त्याचा वेग पहिल्या बेसच्या दिशेचा असतो आणि रनर समोर दिसत असतो. सेकंड बेसमनच्या नशिबी दोन्ही उलटं. या जागेवर डावखुरा थ्रो करणारा का दिसत नाही, तेही इथेच कळतं. त्याला पहिल्याकडे फेकायला अख्खं अंग फिरवावं लागेल, तोवर बॅटर पोहोचलेला असेल.

तयारी फटक्याच्या आधीच सुरू होते. पहिल्या बेसवर रनर आला की सेकंड बेसमन आपल्या नेहमीच्या जागेवरून तीन-चार पावलं पुढे येतो आणि तेवढाच बेसकडे सरकतो. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्यामधलं खिंडार मोठं होतं, पण बेसवर वेळेत पोहोचलंच पाहिजे. पहिली पावलं धावत, शेवटची दोन-तीन आखूड. नवशिके इथेच चुकतात. उशिरा निघतात, धावतच बेस ओलांडतात, आणि थ्रो हातभर इकडे-तिकडे आला की त्यांना थांबता येत नाही. आधी पोहोचून गुडघे वाकवून, छाती थ्रोकडे करून उभं राहायचं. डावा पाय बेसवर. दोन्ही हात छातीपाशी, अंगठ्याला अंगठा लागून. पुढचं पाऊल थ्रो बघून ठरतं. तो बेसच्या आतल्या बाजूला आला तर बेस ओलांडून पुढे, बाहेरच्या बाजूला आला तर बेसलाच रेटा देऊन मागे, आणि उजवा पाय रोवून फेकायचं. हात लांबून फिरवायला सवड नसते, म्हणून चेंडू कानाजवळून किंवा त्याहून खालच्या कोनातून सुटतो. खालचा कोन सोयीचाही असतो, कारण अंगावर येणारा रनर तो बघून आपसूक खाली बसतो.

ग्लव्हसुद्धा याच हिशोबाचा. आउटफिल्डरचा (सीमेकडच्या क्षेत्ररक्षकाचा) ग्लव्ह बारा इंचांच्या वर जातो, सेकंड बेसमनचा साधारण सव्वाअकरा ते साडेअकरा, आणि खिसा उथळ. खोल खिशात चेंडू बसतो छान, पण बाहेर काढायला बोटं चाचपडतात. चांगला सेकंड बेसमन ग्लव्ह मिटतच नाही. तापलेली भाकरी तळहातावर घेऊन लगेच टोपलीत टाकावी, तसा चेंडू ग्लव्हच्या तळव्यावर आदळतो आणि शेजारच्या उजव्या हातात जातो.

ही कला परमावधीला नेली पिट्सबर्ग पायरेट्सच्या बिल मॅझरोस्कीने. 1956 ते 1972, सगळी कारकीर्द एकाच संघात. त्याचा ग्लव्ह छोटा, आणि चेंडू त्याला लागतो की नाही असा संशय यावा इतकी त्याची वळवणी झटपट, म्हणून सहकारी त्याला ‘नो टच’ म्हणत. रनर अंगावर येतोय म्हणून उडी मारणं, बाजूला होणं हे त्याच्या बाबतीत फारसं नव्हतंच. जाड पायांवर उभा राहायचा आणि फेकायचा. 1966 च्या एका मोसमात 161 डबल प्ले, कारकिर्दीत 1,706. सेकंड बेसमनचे हे दोन्ही विक्रम अजून त्याच्याच नावावर आहेत.

पण जगाला तो माहीत आहे तो भलत्याच गोष्टीसाठी. 13 ऑक्टोबर 1960, पिट्सबर्गचं फोर्ब्स फील्ड, वर्ल्ड सिरीजचा (मोसमाच्या अंतिम मालिकेचा) सातवा सामना, समोर न्यूयॉर्क यांकीज, धावसंख्या 9-9. नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात पहिलाच बॅटर मॅझरोस्की. राल्फ टेरीचा दुसरा चेंडू त्याने डाव्या भिंतीपलीकडे टाकला आणि मालिका संपली. सातव्या सामन्यातल्या अखेरच्या चेंडूवर होमरनने वर्ल्ड सिरीज जिंकल्याची आजवरची ही एकमेव घटना. सतरा मोसमांत त्याचे होमरन 138. फलंदाज म्हणून तो सामान्य होता, हे म्हणायला कुणाची हरकत नसावी. 2001 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या सन्मानदालनात, त्याचा समावेश झाला तेव्हा तो भाषणाला उभा राहिला, बचावालाही पिचिंग आणि बॅटिंगइतकाच मान मिळायला हवा असं म्हणाला, आणि गहिवरून भाषण अर्ध्यावर सोडून खाली बसला. बारा पानं घेऊन आला होता, ती सगळी वाचली असती तरी यापेक्षा नेमकं बोलला नसता.

पाठीमागून येणाऱ्या त्या रनरचं मात्र काही तरी करायला हवं होतं. कित्येक दशकं डबल प्ले मोडायला रनर बेसऐवजी थेट माणसावर घसरायचे आणि ते खेळाचा भाग मानलं जायचं. बदल्यात अंपायरही थोडी सवलत देत. सेकंड बेसमनचा पाय बेसला नेमका लागला नसला, आसपास असला, तरी आउट. 10 ऑक्टोबर 2015 च्या प्लेऑफ (मोसमाअखेरच्या बाद फेरीच्या) सामन्यात डॉजर्सचा चेस अटली मेट्सच्या रुबेन तेहादावर असा घसरला की तेहादाचा पाय मोडला. तेहादा शॉर्टस्टॉप, पण त्या क्षणी त्याची पाठ फिरलेली होती. आणि अटली स्वतः त्या पिढीतला उत्तम सेकंड बेसमन. समोरच्यावर काय ओढवतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? 2016 पासून नियम आला. घसरणं बेसच्या आधी सुरू व्हायला हवं, हात किंवा पाय बेसला पोहोचला पाहिजे, बेसवर थांबायचा प्रयत्न दिसला पाहिजे, आणि धडक द्यायला वाट बदलायची नाही. त्याबरोबर ‘आसपास’चा जमानाही संपला, बेसला पाय लागला की नाही ते आता रीप्लेमध्ये तपासता येतं. तरी धोका उरलाच. एप्रिल 2017 मध्ये बोस्टनच्या डस्टिन पेड्रोयाच्या डाव्या गुडघ्यावर एका स्लाइडमध्ये रनरचा पाय आला आणि त्या गुडघ्याने पुढे त्याला खेळूच दिलं नाही.

पायांइतकंच इथे डोकं लागतं. शिकागो कब्जचा जॉनी एव्हर्स अंगाने किडमिडीत, स्वभावाने भांडखोर, पण नियमावली कोळून प्यालेला. 4 सप्टेंबर 1908 ला पिट्सबर्गमध्ये विजयी धाव आल्यावर पहिल्या बेसवरचा रनर दुसऱ्या बेसला हात न लावताच मैदानाबाहेर निघाला. तेव्हाची रीतच तशी होती. एव्हर्सने चेंडू मागवून बेसवर पाय ठेवला आणि आउट मागितला, कारण तिघे बाद झाले की डाव संपतो, आणि तिसरा गडी असा सक्तीच्या धावेत बाद झाला तर धाव धरली जात नाही. अंपायर हँक ओडे एकटेच होते, त्यांनी ते पाहिलं नव्हतं. अपील फेटाळलं गेलं. एकोणीस दिवसांनी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर तेच घडलं. स्कोअर 1-1, दोन बाद, पहिल्या बेसवर एकोणीस वर्षांचा फ्रेड मर्कल. सेंटरफील्डला फटका गेला, तिसऱ्यावरचा रनर घरी आला, प्रेक्षक मैदानात घुसले, आणि मर्कल अर्ध्या वाटेतून क्लबहाउसकडे वळला. एव्हर्स बेसवर उभा राहून ओरडतोय, चेंडू कुठे गर्दीत. शेवटी एक चेंडू त्याच्या हातात आला. तो खरोखर सामन्यातलाच होता का, यावर अजून वाद आहे. अंपायरांमध्ये ओडे होतेच, आणि या वेळी त्यांनी आउट दिला. सामना बरोबरीत, 8 ऑक्टोबरला पुन्हा खेळला गेला, कब्ज जिंकले आणि पुढे वर्ल्ड सिरीजही. त्यानंतरची त्यांची वर्ल्ड सिरीज 2016 मध्ये आली. मर्कलला मात्र लोकांनी जन्मभर छळलं. चूक त्याची कमी, रिवाजाची जास्त.

बॅटिंगने मोठे झालेल्यांची यादी लांब आहे, आणि पुरस्कार देणारे तीच आधी वाचतात. रॉजर्स हॉर्न्सबीची 1924 मधली सरासरी .424, म्हणजे हजार संधींना 424 हिट. दहात तीन वेळा यशस्वी होणाऱ्याला जिथे चांगला म्हणतात तिथला हा आकडा. पण उंच उडालेले झेल त्याला नीट जमत नसत. नॅप लाजवाचा दबदबा असा, की क्लीव्हलँडचा संघच काही वर्षं ‘नॅप्स’ नावाने खेळला. माझ्या मते दोन्ही पारडी समतोल ठेवणारा जो मॉर्गन. पाच फूट सात इंच, इवलासा ग्लव्ह, चेंडूची वाट पाहताना डावं कोपर कोंबडीच्या पंखासारखं फडफडवायची लकब, 689 चोरलेले बेस (फटक्याची वाट न बघता पळून गाठलेले), 1975 आणि 1976 असा लागोपाठ दोनदा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर, आणि त्याच सुमाराला सलग पाच गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार.

जॅकी रॉबिन्सनचं नाव निघालं की 15 एप्रिल 1947 निघतो, आधुनिक मेजर लीगमधल्या या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूच्या पदार्पणाचा दिवस, आणि ते रास्तच आहे. त्या वर्षी तो अनोळखी जागेवर, पहिल्या बेसवर खेळला. दुसऱ्या बेसवर आला 1948 मध्ये. म्हणजे ज्याच्यावर घसरायला कित्येक रनर टपलेले, त्याला अशी जागा मिळाली जिथे रनर पाठीमागून येतो. 1949 ते 1952, सलग चार वर्षं, नॅशनल लीगच्या (दोन मुख्य लीगांपैकी एक, दुसरी अमेरिकन) सेकंड बेसमनमध्ये सर्वाधिक डबल प्ले त्याचे. 1949 ची .342 सरासरी सगळे सांगतात, हे फारसं कुणी सांगत नाही.

या जागेचा एक विचित्र आजारही आहे. अवघड चेंडू झेपावून अडवणारा माणूस अचानक पहिल्या बेसवर साधा थ्रो करू शकत नाही. 1983 मध्ये डॉजर्सच्या स्टीव्ह सॅक्सच्या नावावर 30 चुका लागल्या, बहुतेक अशाच. 1997 चा गोल्ड ग्लव्ह विजेता चक नॉब्लॉक 1999 मध्ये 26 चुकांवर गेला आणि 2001 मध्ये त्याला लेफ्टफील्डला, डाव्या सीमेकडे, पाठवावं लागलं. शॉर्टस्टॉपला हे तुलनेने कमी होतं, कारण त्याला लांबून जोरात फेकायचं असतं. सेकंड बेसमनच्या हातात चेंडू येतो तेव्हा बॅटर अजून लांब, पहिला बेस जवळ, आणि विचार करायला नको इतका वेळ. जोर किती लावू, असं मनात आलं की मनगट आखडतं. उपाय म्हणून पाय न थांबवता, धावत्या लयीतच चेंडू सोडायला शिकवतात. सॅक्स त्यातून बाहेर आला, नॉब्लॉक नाही.

बाकी हा गडी एकट्याचा नसतोच. बेस चोरायला रनर निघाला तर दुसरा बेस कोण सांभाळणार, हे प्रत्येक चेंडूआधी शॉर्टस्टॉपबरोबर ठरतं. ग्लव्ह तोंडासमोर धरून, रनरला दिसणार नाही असं, तोंड मिटलं तर ‘मी’, उघडलं तर ‘तू’. डेट्रॉइट टायगर्सच्या लू व्हिटेकर आणि अ‍ॅलन ट्रॅमल यांनी 9 सप्टेंबर 1977 ला एकाच सामन्यात पदार्पण केलं आणि 1995 पर्यंत हे तोंड उघडणं-मिटणं चाललं. एकत्र 1,918 सामने. अमेरिकन लीगमध्ये एवढे सामने कुठल्याच जोडीने शेजारी उभं राहून खेळलेले नाहीत. 2001 मध्ये व्हिटेकरचं नाव हॉल ऑफ फेमच्या मतपत्रिकेवर आलं. यादीत टिकायला पाच टक्के मतं लागतात, त्याला 2.9 मिळाली आणि पहिल्याच वर्षी नाव बाद. ट्रॅमलला समितीने 2018 मध्ये आत घेतलं. 2022 मध्ये डेट्रॉइटने व्हिटेकरचा 1 क्रमांक निवृत्त केला, आणि हॉल ऑफ फेमच्या भिंतीवर त्या जोडीतला अजून शॉर्टस्टॉपच आहे.